हातगाडीवरचे महाबळेश्वर

महाबळेश्वरच्या मुंबई पॉइंटवर सूर्यास्ताच्या वेळी जितकी माणसे पश्चिमेकडे तोंड करून उभी असतात, जवळजवळ तितकीच त्या सोहळ्याकडे पाठ फिरवून हातगाड्यांभोवती उभी असतात. काही महिन्यांपूर्वी वसईतील आमच्या धर्मग्रामाच्या कुटुंबांची सहल घेऊन आम्ही तेथे गेलो, तेव्हा आमच्या मंडळींनीही सूर्याला फार वेळ दिला नाही. निखाऱ्यांवर तडतडणारी मक्याची कणसे, कागदाच्या पुड्यांत बांधलेले खारे, हळदीचे आणि तिखट चणे, पानासकट बांधलेल्या कोवळ्या गाजरांच्या व लाल मुळ्यांच्या जुड्या, तुती, स्ट्रॉबेरी, आणि एका टोकाला कढईतून निघणारे बटाटेवडे असा तो थाट होता. सहावीत शिकणाऱ्या एका मुलीने आम्हाला विचारले, “फादर, ह्यातलं खास इथलं काय आहे?” आम्ही उत्तर शोधत असतानाच कणसे भाजणाऱ्या मावशी पंख्याने निखारे फुलवत म्हणाल्या, “समदं हितलंच हाय, बाळा.”

त्याच वेळी आमच्यातील एक गृहस्थ त्याच मावशींशी एका कणसासाठी पाच रुपयांची घासाघीस करीत होते. सायंकाळी हॉटेलच्या देयकावर त्यांनी मुकाट्याने सही केली, हेही आम्ही पाहिले. मुलीचा प्रश्न आणि त्या गृहस्थांचे पाच रुपये, या दोन्ही गोष्टी परतीच्या प्रवासात आमच्या मनातून जाईनात. म्हणून घरी आल्यावर या हातगाडीचा इतिहास थोडा चाळला. तोच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

साहेब येण्यापूर्वी महाबळेश्वर म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या नद्यांच्या उगमाचे मानलेले हे स्थान. भाविक येत, स्नान करीत, सोबत आणलेली शिदोरी सोडीत आणि परत जात. जवळच्या पार घाटातून कोकणचे मीठ, नारळ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून देशावर चढत असे. डोंगरात राहणारे कुणबी, कोळी, धनगर आणि धावड यांचे अन्न मात्र डोंगराइतकेच साधे होते. उतारावरची झाडी तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत नाचणी आणि वरी पेरायची, दोनतीन वर्षे पीक घ्यायचे आणि मग ती जागा पुन्हा रानाला सोपवून पुढे सरकायचे. या शेतीला कुमरी म्हणत. जोडीला रानातील मध, कंद, करवंदे आणि जांभळे. विकण्यासारखे त्यात फारसे नव्हते, आणि विकत घ्यायला तरी कोण येणार होते?

१८२४ च्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या छावणीतील कर्नल लॉडविक हा डोंगर चढून आला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम स्वतः आला. इथल्या थंड हवेत आजारी गोऱ्या सैनिकांना उतार पडेल, असा त्याचा हिशेब होता. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी डोंगरावर येणारा रस्ता बांधून दिला होता. १८२९ च्या करारान्वये त्यांनी डोंगरमाथ्याची जागा कंपनी सरकारला दिली आणि मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव घेतले. नव्या वसाहतीला ‘माल्कम पेठ’ हे नाव मिळाले. ‘पेठ’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. बंगले नंतर वाढले, बाजार पहिल्यापासून हवा होता. उन्हाळ्याचे दोनअडीच महिने आणि पावसानंतरचा ऑक्टोबर एवढाच काय तो हंगाम. जूनमध्ये सहा हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस सुरू झाला की साहेब खाली उतरत, दुकाने फळ्या ठोकून बंद होत आणि पेठ ओस पडे.

साहेबांना खायला घालायचे कोणी आणि काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. नाचणीची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरणारी नव्हती. त्यांना बटाटा हवा होता, गाजर, सलगम, कोबी हवा होता. या ठिकाणी आपल्या कथेत अशी माणसे येतात की ज्यांची अपेक्षा कोणीच केली नसती.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात माल्कम पेठेत एक तुरुंग चालू झाला. त्यात ठेवलेले कैदी सातारचे नव्हते, पुण्याचेही नव्हते. ते होते चिनी आणि मलायी. पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर या कंपनीच्या वसाहतींत शिक्षा झालेली ही माणसे काळ्या पाण्यावर म्हणून समुद्र ओलांडून मुंबई इलाख्यात आणली गेली आणि तेथून सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचली. १२० कैद्यांची सोय असलेला हा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. तोवरच्या सुमारे तीस वर्षांत या कैद्यांनी ओढ्याकाठी बागा केल्या, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या, आरारूट तयार केले. त्यांच्याकडे पाहून आसपासचे शेतकरी ही पिके घ्यायला शिकले, असे १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरात नमूद आहे. आज सहलीच्या नकाशावर ‘चायनामन फॉल’ नावाचा धबधबा दाखवतात. छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी शंभरात एकालाही ते नाव कसे पडले याची वार्ता नसते.

आम्ही या कैद्यांविषयी बराच काळ विचार करीत राहिलो. घरापासून समुद्रापार, भाषा न समजणाऱ्या देशात, अंगाला न सोसणाऱ्या पावसात, जन्मात पुन्हा भेट न होणाऱ्या मुलाबाळांची आठवण घेऊन ती माणसे वाफे खणीत होती. त्यांनी काय गुन्हे केले होते, ते गंभीर होते की किरकोळ, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. त्यांच्या हातचा बटाटा मात्र उरला. ज्या बाजारात आज आपण वडा खातो, त्या बाजारात बटाट्याला पाय रोवून देणारे हात बेड्या घातलेल्या माणसांचे होते.

आणि याची दुसरी बाजूही आहे. ज्या काळात सिंगापूरचे कैदी महाबळेश्वरी येत होते, त्याच काळात हिंदुस्थानातील कैदी सिंगापूरला धाडले जात होते. त्यांत बंगालचे होते, मद्रासचे होते, तसेच आपल्या मुंबई इलाख्यातीलही होते. सिंगापूरचे रस्ते त्यांनी बांधले, इतकेच नव्हे तर तेथील अँग्लिकन पंथाचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलही त्यांच्याच श्रमाने १८६१ पर्यंत उभे राहिले. एका साम्राज्याच्या हिशेबवहीत माणसांची ही अशी अदलाबदल झाली. त्या सिंगापुरात पुढे चिनी, मलायी आणि भारतीय फेरीवाल्यांच्या स्वस्त खाण्याची जी परंपरा वाढली, तिला डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. महाबळेश्वरच्या गाडीला असा मान कोणी देईल, असे आम्हाला वाटत नाही. पण दोन्ही गाड्यांचे गोत्र फारसे वेगळे नाही.

बटाटा सिंगापूरचाही नव्हता आणि विलायतेचाही नव्हता. तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला. आपल्या भाषेत त्याचे नाव पोर्तुगीजांकडून आले. कोबी, काजू, अननस, पपई यांची नावेही त्याच गलबतांतून उतरली, आणि ज्या पावात आपण वडा घालतो तो पावही पोर्तुगीजांचाच शब्द. वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांना हे नवे सांगायला नको. मुंबईच्या साहेबांच्या आणि श्रीमंत पारशांच्या स्वयंपाकघरात गोव्याचे आपले बांधव आचारी म्हणून राबत असत. उन्हाळ्यात मालकाचे बिऱ्हाड डोंगरावर निघाले की आचारीही पेट्यांबरोबर घाट चढत असणार. त्यांच्या हातचे पदार्थ बंगल्यांत, आणि बाजारात उरलेला बटाटा, गाजर व शिळा पाव. तेथूनच गरिबाच्या खाण्यात या वस्तू झिरपल्या असाव्यात, असा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो वाचकांनी घ्यावा.

मक्याची गोष्ट अशीच. मका मेक्सिकोचा, त्यावर चोळायचे तिखट त्याच खंडातून आलेल्या मिरचीचे, फक्त लिंबू आणि मीठ आपले. तेव्हा मावशींच्या ‘समदं हितलंच’ या उत्तराची परीक्षा घ्यायची झाली, तर कणसाच्या गाडीवर लिंबू आणि निखारेच काय ते पास व्हायचे.

मात्र निखाऱ्यांचीही एक कथा आहे, आणि ती सुखाची नाही. धावड म्हणून ज्या मुसलमान जमातीचा वर उल्लेख आला, ती या डोंगरांत दगडातून लोखंड गाळीत असे. त्यासाठी कोळसा लागे, कोळशासाठी रान लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जंगले राखीव करण्यास सुरुवात केली आणि धावडांच्या भट्ट्या थंड झाल्या. त्याच नियमांनी कुमरी शेतीवरही बंधने आली. जंगल राखायला हवे होते, यात शंका नाही. आज माथ्यावर जी झाडी उभी आहे ती त्या नियमांमुळेच उभी आहे, आणि १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, तोही त्याच विचाराचा पुढचा टप्पा. तरी जे घडले ते घडले. बाहेरून आलेल्या बटाट्याला वाफा मिळाला आणि नाचणीची जमीन आक्रसली. साहेबांच्या पेठेत नाचणीला गिऱ्हाईक नव्हतेच. डोंगरातील माणूस पेठेत आला तो डोक्यावर मोळी किंवा मधाचे मडके घेऊन, नाहीतर पालखी-डोलीचा भोई होऊन.

येथे कोणी अभ्यासू वाचक आम्हाला टोकेल, की नाचणी तरी इथली कोठली? ते खरे आहे. ती पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरची. पण तिला येथे येऊन हजारो वर्षे झाली, आणि इतकी वर्षे जे अन्न आईने लेकराला भरवले ते इथले नव्हे असे म्हणण्याचे धाडस आम्हाला नाही. मग बटाट्याला दोनशे वर्षे पुरेत की नाहीत, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

चण्यांविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून आम्हाला राहवत नाही. आम्ही पुण्याच्या सेमिनरीत शिकत असताना, १९९० च्या दशकात, एकदा सहाध्यायांबरोबर लाल एस. टी. ने येथे आलो होतो. खिशात परतीचे भाडे सोडून जे उरले त्यात हॉटेलात जेवण येत नव्हते. चौघांत दोन पुड्या चणे आणि एक कणीस असे आमचे दुपारचे भोजन झाले, आणि वेण्णा तलावाकाठी बसून आम्ही ते इतके सावकाश खाल्ले की एका मित्राने खाण्यापूर्वीची आणि नंतरची अशी दोन्ही प्रार्थना म्हटली. (तो तलाव साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधला. आज त्याच्या काठी खाण्याच्या गाड्यांची मोठी रांग लागते.)

चणा महाबळेश्वरात पिकत नाही. एवढ्या पावसात तो कुजून जाईल. तो खालच्या कोरड्या मुलखातून येतो. येथे त्याचे होते ते भाजणे. चणे मिठाच्या व हळदीच्या पाण्याने ओलावून मुरू द्यायचे, मग लोखंडी कढईत वाळू तापवून तिच्यात ते टाकायचे आणि झाऱ्याने सारखे हलवत राहायचे. वाळू चण्याला चहूबाजूंनी सारखी आच देते, म्हणून तो करपत नाही आणि आतून पोकळ, खुसखुशीत होतो. मग वाळू चाळून काढायची. भडभुंज्याची ही विद्या फार जुनी आहे. थंड, ओलसर हवेच्या गावी गरम चण्याची पुडी हातात आली म्हणजे ती खाण्याआधी तळहाताला ऊब देते. भाजलेला चणा टिकतो, स्वस्त असतो, प्रवासात नासत नाही. पूर्वी यात्रेकरूला हवे होते तेच पुढे सहलीला आलेल्याला हवे झाले. गिऱ्हाईक बदलले, पुडी तीच राहिली. हल्ली तिच्यात नाना चवी आल्या आहेत. त्यांतील काहींची नावे ऐकून आम्ही खाऱ्या चण्याकडेच वळतो.

स्ट्रॉबेरीच्या वाटेला आम्ही थोडक्यात जातो, कारण तिचे गुणगान करणारे पुष्कळ आहेत. चिली आणि उत्तर अमेरिका येथील दोन जातींचा युरोपात अठराव्या शतकात संकर झाला, तीच ही स्ट्रॉबेरी. ब्रिटिश अमदानीत ती या डोंगरावर आली आणि बराच काळ बंगल्यांच्या टेबलापुरतीच राहिली. आज महाबळेश्वर, पाचगणी, भिलार या पट्ट्यात देशातील बहुतांश स्ट्रॉबेरी पिकते आणि २०१० मध्ये ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे कायद्यानेच सांगितले की ही इथली. रोपे मात्र अजून परदेशी वाणांचीच. पहाटेच्या गारठ्यात वाकून फळे खुडणाऱ्या बायका पाहिल्या म्हणजे त्या वाफ्यांवर पूर्वी वाकलेल्या कैद्यांची आठवण आम्हाला होते. तुलना पूर्णपणे जुळत नाही, हे आम्ही जाणतो. या बायका मोकळ्या आहेत आणि सायंकाळी आपल्या घरी जातात.

आता त्या पाच रुपयांकडे येऊ.

गाडीवाला हा रस्ता अडवणारा माणूस, ही आपल्या शिकलेल्या वर्गाची ठाम समजूत आहे. न्यायालयाचे मत निराळे पडले. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की रस्त्याकडेला व्यवसाय करणे हे राज्यघटनेच्या १९ व्या कलमाच्या संरक्षणात येते. अर्थात वाजवी बंधने घालता येतात, आणि अमुकच जागा हवी असा हट्ट धरता येत नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. गावोगाव विक्रेता समिती असावी, तिच्यात निदान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या असाव्यात, त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या असाव्यात, आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत कोणाला हुसकावू नये, असे त्यात लिहिले आहे. कागदावर हे उत्तम आहे. सिंगापुरात १९७१ पासून सरकारने फेरीवाल्यांसाठी नळ, गटार आणि छप्पर असलेली केंद्रे बांधण्यास सुरुवात केली आणि पंधरा वर्षांत रस्त्यावरचे फेरीवाले त्यांत सामावून घेतले. आमच्याकडे कायदा आधी झाला आणि नळ अजून यायचा आहे, अशी अनेक गावांची स्थिती आहे. मग हात कुठे धुता, असे आपण गाडीवाल्याला विचारतो.

पण आम्हाला कायद्यापेक्षा घासाघीस अधिक टोचली, आणि त्याचे कारण आमच्या वसईतच आहे. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी घरांच्या आज्या आणि पणज्या वाडीतील भाजी, केळी, फुले डोक्यावर घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जात. दादरच्या फुटपाथवर बसत. गिऱ्हाईक भावासाठी तोंड वाकडे करी, पोलिसांची गाडी आली की पाटी उचलून पळावे लागे, आणि सायंकाळी उरलेली भाजी पडत्या भावात टाकून रित्या पाटीने परत यावे लागे. त्या पाटीवर मुले शिकली, घरे झाली, काहींचे धर्मगुरूही झाले. आमच्या स्वतःच्या आजीच्या टाळूवरचे केस चुंबळीने घासून गेले होते, ते आम्हाला लहानपणी म्हातारपणाचे लक्षण वाटे. ज्या गृहस्थांनी पाच रुपयांसाठी वाद घातला त्यांच्याही घरी अशीच एक पाटी माळ्यावर पडलेली आहे. आम्ही ती पाहिली आहे. त्या सायंकाळी आम्ही त्यांना काही बोललो नाही. बोलायला हवे होते की नाही, हे अजून ठरलेले नाही.

स्वस्त अन्नासाठी सरकारांनीही प्रयत्न केले. १९९५ मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली, ती काही वर्षांत बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. या योजनांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. पण झुणका-भाकर योजनेची एक गंमत आमच्या ध्यानात राहिली आहे. ज्या भाकरीला दीडशे वर्षे पेठेत जागा नव्हती, तिचे नाव पहिल्यांदाच राज्याच्या योजनेच्या पाटीवर झळकले.

आणि भाकरी आता डोंगरावरही दिसू लागली आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे उतरलो. वाटेत पत्र्याच्या आडोशाखाली एक आजीबाई तीन दगडांच्या चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या थापीत होत्या. सोबत पिठले, मिरचीचा खर्डा आणि कांदा. शेजारच्या वडापावच्या गाडीपुढे गर्दी होती, आजीबाईंपुढे आम्ही चौघेच. भाकरीला वेळ लागत होता, कारण ती एका वेळी एकच होते, आणि तिची किंमत वड्याहून बरीच जास्त होती. आम्ही विचारले, “आजी, नाचणी घरची का?” त्या म्हणाल्या, “थोडी घरची, थोडी इकत. आता पेरतंय कोण? रानडुकरं ठेवत न्हाईत.” कालची ती सहावीतील मुलगी आमच्या शेजारी उकिडवी बसून काळसर भाकरी कशी फुगते ते पाहत होती. तिने पहिला घास खाल्ला, थोडे तोंड वाकडे केले, मग खर्डा लावून दुसरा खाल्ला. एवढ्यात बसच्या चालकाने हॉर्न दिला. अर्धी भाकरी उरली होती. आजीबाईंनी ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या हातात दिली, आणि आम्ही पैसे मोजू लागलो.